कार्यकळा आणि कार्यालयीन मराठी

(कोल्हापूर येथे ग्रामपंचायत अधिकारी, शिक्षक व लिपिक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय दिसायला अगदी लहान आहे. संगणकाच्या कळफलकावर सर्वांत वरच्या ओळीत एफ-१ पासून एफ-१२ पर्यंत बारा कळा असतात. इंग्रजीत त्यांना फंक्शन की म्हणतात. आपण त्यांना कार्यकळा म्हणू. बहुतेक कार्यालयांत या कळांना कोणी फारसा हात लावीत नाही. अक्षरांच्या कळा झिजून गुळगुळीत होतात, परंतु वरची ओळ नव्यासारखीच राहते. या कळांना आपण आपल्या गरजेप्रमाणे काम नेमून देऊ शकतो, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. वारंवार लिहावा लागणारा मजकूर किंवा वारंवार कराव्या लागणाऱ्या क्रियांची मालिका एकदा नोंदवून ती एका कळीच्या स्वाधीन करता येते. अशा नोंदवलेल्या मालिकेला मॅक्रो असे नाव आहे.

मॅक्रो कसा नोंदवावा आणि कळीला कसा जोडावा, हे मी सांगणार आहेच. तथापि त्याहून कळीचा मुद्दा निराळा आहे. कोणता मजकूर कळीच्या स्वाधीन करावा आणि कोणता कदापि करू नये, हा तो मुद्दा होय. आपल्या हातून उतरणारे कागद कोणाच्या घराचे, कोणाच्या मुलाचे, कोणाच्या मताचे असतात. म्हणून हा प्रश्न केवळ सोयीचा राहत नाही.

मायना आणि मजकूर

ठरावीक शब्द थोडक्या श्रमात लिहिण्याची कला संगणकाबरोबर आली, असे मानण्याचे कारण नाही. करवीर संस्थानची मोडी दप्तरे कोल्हापूरच्या पुरालेखागारात जतन केलेली आहेत. मोडी ही मुळातच वेगाने लिहिण्यासाठी वापरात असलेली लिपी. बोरू कमीत कमी उचलून ओळ पूर्ण करावी, ही तिची रीत. त्या काळच्या कारकुनाने वेगासाठी आणखी एक युक्ती केली होती. 'राजमान्य राजश्री' याऐवजी तो 'रा. रा.' लिही, 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' याऐवजी 'सा. न. वि. वि.' लिही. वाचणारा ती अक्षरे पाहताच संपूर्ण वाक्य मनात उलगडून घेई. आजच्या भाषेत बोलायचे तर हे मॅक्रोच होते. फरक इतकाच की ते यंत्रात नव्हे, लिहिणाऱ्याच्या आणि वाचणाऱ्याच्या डोक्यात साठवलेले होते.

परंतु या रीतीत एक शिस्त होती, ती आपण ध्यानात घेतली पाहिजे. संपूर्ण वाक्याचा असा संक्षेप विशेषतः मायन्याचा होता.  गावाचे नाव, माणसाचे नाव, रकम, मिती, हद्द या गोष्टी प्रत्येक कागदावर नव्याने लिहाव्या लागत. पत्र संपले की 'मोर्तब सूद' असा शिक्का उमटवून मजकूर इथेच थांबला, याची खूण करण्याची वहिवाट होती. पुढे कोणी काही घुसडू नये, हा त्यामागचा हेतू.

कोल्हापूरच्या इतिहासातील एका कागदाचा दाखला देतो. छत्रपती शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी काढलेल्या जाहीरनाम्याने संस्थानच्या नोकरीतील रिक्त जागांपैकी शेकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. त्या जाहीरनाम्याचे सामर्थ्य मायन्यात नव्हते. शेकडा ५० या एका अंकात होते. प्रत्येक शासकीय कागदात असे दोन भाग असतात. एक भाग शेकडो कागदांत समान असतो. दुसरा भाग त्या एकाच कागदाचा असतो आणि कागदाचे सारे मोल त्या दुसऱ्या भागात असते.

टंकयंत्रापासून संगणकापर्यंत

टंकयंत्राच्या काळात ही सोय नव्हती. प्रत्येक अक्षरासाठी स्वतंत्र ठोका मारावा लागे. ठरावीक मजकुरासाठी मग आपण रबरी शिक्के केले, चक्रमुद्रित नमुने छापून घेतले आणि रिकाम्या जागा हाताने भरल्या. 'मूळ प्रतीप्रमाणे खरी नक्कल' हा शिक्का आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. तोही एका अर्थी कार्यकळाच होता.

१९८१ साली आयबीएम कंपनीचा वैयक्तिक संगणक बाजारात आला. त्याच्या कळफलकावर डाव्या बाजूला दोन उभ्या ओळींत दहा कार्यकळा होत्या. पुढे त्याच दशकात त्या बारा झाल्या आणि वरच्या ओळीत गेल्या. त्या काळातील कार्यक्रमांना चित्रे आणि माउस ठाऊक नव्हते. काळ्या पडद्यावर अक्षरे, आणि आदेश द्यावयाचे ते कळफलकानेच. डीबेस-तीन प्लस या माहिती साठवण्याच्या कार्यक्रमात कार्यकळांना कामे आधीच नेमलेली असत. एफ-९ दाबली की नवी नोंद जोडावयास घेता येई, एफ-१० दाबली की जुनी नोंद दुरुस्त करावयास मिळे. ही नेमणूक बदलण्यासाठी 'सेट फंक्शन' असा आदेश होता. कळीचा क्रमांक द्यावयाचा आणि अवतरणचिन्हांत मजकूर द्यावयाचा. मजकुरात अर्धविराम आला की संगणक तिथे एंटर दाबली असे समजे. फक्त एफ-१ ही मदतीची कळ बदलता येत नसे.

मराठीला या व्यवस्थेत प्रवेश मिळाला तो पुण्यामुळे. १९८८ साली पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन झाले. या संस्थेच्या जिस्ट कार्डामुळे इंग्रजीपुरत्या रचलेल्या अशा कार्यक्रमांतही देवनागरी अक्षरे पडद्यावर दिसू लागली आणि इन्स्क्रिप्ट कळफलकाने लिहिता येऊ लागली. पुढे युनिकोड आले आणि कार्डाची गरज उरली नाही. इन्स्क्रिप्ट मात्र आजही प्रत्येक संगणकात आहे.

मराठी लेखनास विशेष लाभ

कार्यकळांचा उपयोग कोणत्याही भाषेला होतो. परंतु मराठीला तो अधिक होतो. याची कारणे दोन आहेत.

पहिले कारण ठोक्यांचे. 'ग्रामपंचायत' हा शब्द वाचताना सहा अक्षरांचा वाटतो. इन्स्क्रिप्टवर ग, हलन्त, र, काना, म, प, अनुस्वार, च, काना, य, त असे अकरा ठोके पडतात. 'मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, कोल्हापूर' ही एक ओळ स्वल्पविराम आणि मोकळ्या जागा धरून मोजली, तर ४८ ठोके होतात. जिल्ह्याच्या बारा तालुक्यांतून या पत्त्यावर किती पत्रे जात असतील, याची कल्पना आपण करू शकता. ती संपूर्ण ओळ एफ-५ या एका कळीवर नेमली, तर ४८ ठोक्यांच्या जागी एक ठोका उरतो. शिवाय 'कोल्हापूर'मधील ऊकार एकदा दीर्घ लिहिला की तो पुढे प्रत्येक पत्रात दीर्घच राहतो.

दुसरे कारण लिपीचे. आपण मराठीत लिहीत असताना आदेश मात्र रोमन अक्षरांनी द्यावे लागतात. त्यामुळे कळफलक मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत सतत फिरवावा लागतो. कळफलक मराठीत राहिला आणि आदेशाचे अक्षर दाबले, तर आदेशाऐवजी भलतेच देवनागरी अक्षर संगणकाकडे जाते. कार्यकळांना ही अडचण नाही. कळफलक कोणत्याही लिपीत असो, एफ-५ ही एफ-५च राहते. द्विभाषी काम करणाऱ्या आपल्यासारख्यांना या बारा कळा म्हणजे दोन्ही तीरांवर चालणारे नाणे आहे.

नेमणूक कशी करावी

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. विनामूल्य मिळणारे आणि जुन्या संगणकावरही चालणारे दोन मजकूर-संपादक मी उदाहरणासाठी घेतो. एक ईमॅक्स आणि दुसरा विम.

ईमॅक्समध्ये दोन कळा लक्षात ठेवाव्यात. एफ-३ दाबली की नोंद सुरू होते. त्यानंतर आपण जे जे लिहू आणि ज्या ज्या क्रिया करू, त्या घडतही जातात आणि साठवल्याही जातात. एफ-४ दाबली की नोंद थांबते. पुढे एफ-४ पुन्हा दाबली की सारी मालिका आपोआप पार पडते. नोंद चालू असताना एफ-३ पुन्हा दाबली, तर त्या जागी एक अंक उमटतो आणि मॅक्रो प्रत्येक वेळी चालताना तो एकाने वाढतो. लाभार्थ्यांच्या यादीला अनुक्रमांक घालण्यास हे फार उपयुक्त आहे. मात्र ही गणना सांगितल्याशिवाय शून्यापासून सुरू होते, हे विसरू नये. तयार झालेला मॅक्रो स्वतंत्र कळीला जोडावयाचा असेल, तर कंट्रोल-एक्स, नंतर कंट्रोल-के, नंतर बी दाबून हवी ती कार्यकळ दाबावी. ही जोडणी ईमॅक्स बंद करीपर्यंत टिकते. ती कायम हवी असेल, तर मॅक्रोला नाव देऊन आरंभीच्या फाइलीत लिहून ठेवावे लागते.

विममध्ये ठरावीक मजकूर कळीवर कायमचा नेमण्याची रीत अधिक सुटसुटीत आहे. 'विमआरसी' या आरंभीच्या फाइलीत एक ओळ लिहावयाची. प्रथम 'आयनोरीमॅप' हा आदेश, मग कोनी कंसांत कळीचे नाव आणि पुढे मजकूर. 'आयमॅप' हाही आदेश आहे. पण त्यात कळीवरील मजकुरातून दुसऱ्या कळीचा मजकूर पुन्हा जागा होऊ शकतो आणि गुंता वाढतो. म्हणून पहिलाच आदेश वापरणे इष्ट. या विमची एक गोष्ट शिक्षकबंधूंना आवडेल. नेदरलँड्सच्या ब्राम मूलेनार यांनी १९९१ साली तो प्रथम लोकांच्या हाती दिला आणि मोल मागितले नाही. कार्यक्रम उपयोगी वाटला, तर युगांडातील गरजू मुलांसाठी मदत द्यावी, एवढीच विनंती त्यांनी त्यात लिहून ठेवली. मूलेनार २०२३ साली निवर्तले. ती विनंती कार्यक्रम उघडताना आजही दिसते.

काही व्यावहारिक सूचना येथेच देतो. मांडीवरच्या संगणकावर वरच्या कळा बहुधा आवाज आणि प्रकाश कमीअधिक करण्यास नेमलेल्या असतात. तेथे एफएन ही कळ सोबत दाबावी लागते. एफ-१ मदतीसाठी राखून ठेवावी. एफ-१० आणि एफ-११ या कळा कित्येकदा टर्मिनलच स्वतःकडे ठेवून घेते, त्या आपल्या कार्यक्रमापर्यंत पोहोचतच नाहीत. म्हणून नेमणुकीस एफ-५ ते एफ-९ या कळा सर्वांत निर्धोक होत. दूरच्या संगणकाशी जोडून काम करताना कळ दाबल्यावर पडद्यावर निरर्थक अक्षरे उमटली, तर घाबरू नये. दोन्ही यंत्रांचे त्या कळीच्या खुणेबाबत एकमत झालेले नाही, एवढाच त्याचा अर्थ. ईमॅक्समध्ये कंट्रोल-एच आणि के दाबून मग कोणतीही कळ दाबली, तर तिच्यावर सध्या कोणते काम आहे हे कळते. आणखी एक. काळ्या टर्मिनलमध्ये मराठी जोडाक्षरे पुष्कळदा तुटलेली दिसतात. फाइलीत ती शाबूत असतात. डोळ्यांना नीट दिसावीत म्हणून ईमॅक्स स्वतंत्र खिडकीत चालवावा.

कळीच्या स्वाधीन काय करू नये

आतापर्यंतचे सारे सोपे होते. आता कठीण भाग.

ग्रामसभेच्या किंवा मासिक सभेच्या इतिवृत्तात वारंवार येणारे वाक्य कोणते, असे विचारले, तर आपण सर्वजण एकच उत्तर द्याल: 'सदर विषयावर सविस्तर चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला.' कार्यकळा शिकलेला माणूस पहिल्याच दिवशी हे वाक्य एफ-६ वर नेमील. ठोके वाचतील, हे खरे. परंतु या वाक्यात तीन विधाने आहेत. चर्चा झाली, हे एक. ती सविस्तर झाली, हे दुसरे. कोणाचाही विरोध नव्हता, हे तिसरे. ही तिन्ही विधाने त्या सभेपुरती खरी किंवा खोटी असतात. २०११ पासून आपल्या राज्यात पंचायतींतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. समजा, एखाद्या सदस्या भगिनीने धैर्याने उठून पाण्याच्या टाकीच्या जागेला हरकत घेतली. लिहिणाऱ्याचे बोट सवयीने एफ-६ वर गेले. त्या क्षणी त्या भगिनीचे मत कागदावरून पुसले गेले. कोणी खोटे लिहिण्याचे ठरविले नव्हते, कोणाच्या मनात कपट नव्हते. कळीने आपले काम चोख केले. पाच वर्षांनी त्या टाकीचा वाद उभा राहिला, तर इतिवृत्त सांगेल की सर्वांची संमती होती, आणि त्या भगिनीजवळ पुरावा नसेल.

दुसरे उदाहरण पुराचे. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांचे पूर या जिल्ह्याने पाहिले. शिरोळ, करवीर, हातकणंगले या तालुक्यांतील पुष्कळ गावे पाण्याने वेढली गेली. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, ही दोन वाक्ये प्रत्येक अहवालात तीच येतात. ती खुशाल कळीवर नेमावीत. आज सकाळी आठ वाजताची पातळी मात्र मोजून आणि पाहूनच लिहिली पाहिजे. पाणी ओसरल्यावर पंचनामे सुरू होतात. एका दिवसात अनेक घरे पाहावयाची, चिखलातून जावयाचे आणि रात्री बसून लिहावयाचे. अशा वेळी 'घराची अंशतः पडझड झाली असून भिंतीस तडे गेले आहेत' हे वाक्य कळीवर असणे किती मोहाचे आहे, हे मी जाणतो. परंतु अंशतः आणि पूर्णतः या दोन शब्दांमध्ये एका कुटुंबाला मिळणाऱ्या साहाय्याचे मोठे अंतर आहे. ज्या घराची मागची भिंत पायापासून खचली, त्याच्या कागदावरही शेजारच्या घराचेच वाक्य उमटले, तर ते कुटुंब कोणाकडे दाद मागणार? उलट ज्याच्या भिंतीला केवळ ओल आली, त्यालाही तेच वाक्य लाभले, तर शासनाच्या तिजोरीचे काय? शिवाय पन्नास पंचनाम्यांत शब्दशः एकच वाक्य आढळले, तर तपासणारा अधिकारी त्या सर्वांवर संशय घेईल. मग खरे पंचनामेही विश्वास गमावतील.

तिसरे उदाहरण शाळेचे. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाने शिक्षकांवर वर्णनात्मक नोंदींची जबाबदारी सोपविली. गुणांपलीकडचे मूल दिसावे, हा तिचा उद्देश. 'प्रगती समाधानकारक, अवांतर वाचन वाढवावे' असे वाक्य एका कळीवर नेमले आणि चाळीस नावांसमोर उमटविले, तर रकाने भरतील. परंतु मूल एकही दिसणार नाही. एखादी मुलगी आकडेमोड तोंडी बिनचूक करते आणि पाटीवर अडखळते, हे वाक्य कोणत्याही कळीवर असू शकत नाही. ते फक्त तिच्या शिक्षकालाच लिहिता येते.

या तीन उदाहरणांतून एक नियम निघतो. साचा कळीवर द्यावा, साक्ष कळीवर देऊ नये. पत्ता, पदनाम, अधिनियमाचे नाव, विषयाचा मथळा, संदर्भाची ओळ, प्रतिलिपी कोणाकोणास द्यावयाची त्यांची यादी, हा सारा साचा आहे. कोणी काय म्हटले, डोळ्यांनी काय पाहिले, मोजमाप किती भरले, निर्णय काय झाला, ही साक्ष आहे. एखादे वाक्य कोणत्या बाजूचे, असा संभ्रम पडला, तर स्वतःस एक प्रश्न विचारावा: हे वाक्य एखाद्या कागदावर खोटे ठरू शकते काय? उत्तर होय असेल, तर ते हातानेच लिहावे.

थांबणारी कळ

यावर कोणी म्हणेल की साचा आणि साक्ष एकाच वाक्यात मिसळलेले असतात, त्यांची फारकत कशी करावी? ईमॅक्सच्या रचनाकारांनी या अडचणीवर फार चांगली तोड काढलेली आहे. मॅक्रो नोंदवीत असताना योग्य जागी कंट्रोल-एक्स आणि क्यू दाबले, तर पुढे मॅक्रो चालताना प्रत्येक वेळी त्या जागी थांबतो आणि पुढे जाऊ काय, असे विचारतो. आपण वाय दाबून होकार द्यावा, एन दाबून ती नोंद सोडून पुढच्या नोंदीकडे जावे, किंवा एंटर दाबून काम तेथेच थांबवावे. त्याच आदेशाच्या आधी कंट्रोल-यू दाबले, तर मॅक्रो त्या जागी थांबून लेखणीच आपल्या हाती देतो. आपण तेथे हवे ते हाताने लिहावे आणि कंट्रोल-ऑल्ट-सी दाबून पुन्हा मॅक्रोकडे सोपवावे.

याचा उपयोग इतिवृत्तासाठी असा करता येईल. 'विषय क्रमांक' हे शब्द आणि त्यापुढचा अंक कळीने लिहावा. मग कळीने थांबावे. चर्चा आपण लिहावी. 'ठरावाच्या बाजूने' हे शब्द उमटावेत आणि कळीने पुन्हा थांबावे. मते मोजून आकडा आपण लिहावा. 'विरोधी' या शब्दापाशी पुन्हा थांबावे. 'सूचक' आणि 'अनुमोदक' यांची नावे आपणच लिहावीत. अशा मॅक्रोमुळे श्रम वाचतात आणि विरोधी मतांचा रकाना विसरताही येत नाही, कारण कळ तेथे येऊन थांबतेच. कळीचा उपयोग घाईसाठी न करता आठवणीसाठी करणे, ही या विद्येतील खरी प्रगती होय.

याच्या उलट एक धोक्याची सूचना. ईमॅक्समध्ये मॅक्रो किती वेळा चालवावा, तो आकडा देता येतो. तेथे शून्य सांगितले, तर तो अडचण येईपर्यंत थांबत नाही. यादीच्या शेवटापर्यंत धावून काम पुरे करण्यास ही सोय छान आहे. परंतु मॅक्रोत एक चूक असेल, तर ती शेवटच्या नावापर्यंत पोहोचते. म्हणून नवा मॅक्रो आधी फाइलीच्या प्रतीवर, तोही तीन-चार नोंदींवर चालवून पाहावा आणि मगच मूळ यादीस हात लावावा.

कार्यालयाची शिस्त

ईमॅक्सचा जन्मच या विषयावर बोलका आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेत टेको नावाचा संपादक वापरीत. प्रत्येक वापरणाऱ्याने आपापले मॅक्रो रचले आणि आपल्या पसंतीच्या कळांना जोडले. परिणाम असा झाला की एकाच्या टर्मिनलवर दुसऱ्याला काम करता येईना. तेव्हा गाय स्टील यांनी या विखुरलेल्या मॅक्रोंना एकत्र आणण्याचे काम हाती घेतले, रिचर्ड स्टॉलमन यांनी ते पुढे नेले आणि १९७६ च्या सुमारास त्या एकत्रीकरणातून ईमॅक्स तयार झाला. नावाचा अर्थच 'संपादनाचे मॅक्रो' असा आहे.

आपल्या कार्यालयात बदल्या होतात. एक लिपिक जातो, दुसरा येतो, खुर्ची आणि संगणक तोच राहतो. पहिल्याच्या एफ-७ वर काय होते, हे दुसऱ्याला माहीत नसेल, तर त्याचे बोट चुकून लागताच कागदावर भलताच मजकूर उमटेल. म्हणून नेमणूक व्यक्तीची असू नये, कार्यालयाची असावी. कोणत्या कळीवर कोणता मजकूर आहे, याची एक पानाची यादी भिंतीवर लावावी. यादीवर तारीख घालावी आणि कार्यालयप्रमुखाने तीवर स्वाक्षरी करावी. मजकूर निवडताना भाषा संचालनालयाने प्रसिद्ध केलेली 'प्रशासन वाक्प्रयोग' व 'शासन व्यवहार कोश' ही पुस्तके समोर ठेवावीत, म्हणजे कळीवरची मराठी शुद्ध आणि सर्वत्र सारखी राहील.

वर्षातून निदान एकदा ही यादी तपासावी. कळ कधी थकत नाही, तशी ती कधी नवे शिकतही नाही. मुंबई ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ याचे नाव आता महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम असे झालेले आहे. ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही पदे एकत्र होऊन ग्रामपंचायत अधिकारी हे पदनाम आले आहे. ज्या कळीवर जुने नाव राहिले, ती कळ वर्षानुवर्षे जुनेच नाव लिहीत राहील आणि आपल्या लक्षातही येणार नाही. कारण जे आपण हाताने लिहीत नाही, ते आपण सहसा वाचीतही नाही. म्हणून कळीने लिहिलेला प्रत्येक कागद स्वाक्षरीपूर्वी सावकाश वाचावा. वाचलेल्या ठोक्यांतून जो वेळ शिल्लक राहतो, त्याचा पहिला हक्क या वाचनाला आहे.

बंधुभगिनींनो, ग्रामीण कार्यालयात काम पुष्कळ आणि माणसे थोडी, ही आपली नित्याची स्थिती आहे. तिथे एका कळीने ४८ ठोके वाचत असतील, तर ती कळ न वापरणे हा शहाणपणा नव्हे. उद्या आपण आपापल्या जागी परत जाल, तेव्हा एक काम करावे. गेल्या महिन्यात आपल्या हातून उतरलेले दहा कागद समोर घ्यावेत. त्यांत जे शब्द दहाही कागदांत सारखे आहेत, त्यांच्याखाली रेघ ओढावी. ते कळीवर जातील. ज्यांच्याखाली रेघ नाही, ते शब्द आपले राहतील. त्या शब्दांत कोणाचे तरी नाव असेल, कोणाची भिंत असेल, कोणाची हरकत असेल. त्यांना आपल्या बोटांचा वेळ पुरेपूर मिळावा, याचसाठी वरच्या बारा कळा आहेत.